वायर धरून बसलेल्या वहिनी

पुण्याच्या आत्याबाई, गुडघा काय म्हणतोय?

देपालपूरचे मामा, खोकला गेला का?

आणि इथली, इंदूरच्या सुदामा नगरची आमची गल्ली, बीपीच्या गोळ्या वेळेवर घेताय ना सगळे?

बरं. आता सांगते.

आमच्या वहिनी आज पहाटे गेल्या.

माझ्या थोरल्या जाऊबाई. टेलिफोन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेल्या. बातमी कितीही मोठी असो, फोनवर आधी एकेकाची तब्येत विचारायच्या. म्हणून मीही आधी तेच केलं.

वहिनींबद्दल सांगायला बसले तर दिवस पुरणार नाही. मी आज एकच गोष्ट सांगते. माझ्या बीएच्या तोंडी परीक्षेची.

लग्न झालं तेव्हा माझं कॉलेज सुटलं होतं. सून आल्यावर, हात जरा मोकळे झाल्यावर मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. इतिहास घेतला. घरीच वाचलं, पोळ्या लाटता लाटता पाठ केलं. वहिनी समोर बसून भाजी निवडायच्या आणि ऐकायच्या.

शेवटची राहिली तोंडी. ऑनलाइन. मोबाइल चालणार नाही, लॅपटॉपच हवा. खोलीत दुसरं कोणी नको. नेट गेलं तर गैरहजर, म्हणजे वर्ष वाया.

आणि आदल्या दिवशी लॅपटॉपचं वाय-फाय मेलं.

लॅपटॉप पुतण्याचा जुना. वायर लावायची जागा तर कधीचीच तुटलेली. मी रडायला लागले.

वहिनी म्हणाल्या, "रडून नेट येतं का गं? चल, जेल रोडच्या दुकानात जाऊ."

दुकानदाराने लॅपटॉप उलटासुलटा केला. बाजूला एक खाच होती, ती आम्हाला कधी दिसलीच नव्हती. त्याने एटीएम कार्डाएवढं, जरा जाड असं एक कार्ड काढलं. जुना माल. म्हणाला, "आंटी, ये अंदर, और नेट की वायर इसमें. बस."

घरी आलो. कार्ड आत गेलं. वहिनींनी मोठ्या ऐटीत वायर खुपसली.

"बसली बघ!"

बसली, पण कार्डाचा दिवा काही लागेना.

दुकानात फोन केला. वायरचं टोक कसं आहे, कुठून येतेय, सगळं विचारून तिकडून हसण्याचा आवाज. "आंटी, वो तो टेलिफोन की वायर है!"

वहिनी म्हणाल्या, "भिया, जिंदगीभर वोही जोड़ी है. हात को आदत है."

मग राउटरची खरी वायर शोधली. दिवा लागला. पण तिच्या टोकाची प्लास्टिकची जिभली तुटलेली. जरा हलली की निसटायची. चिकटपट्टी लावली, ती पण सुटली.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला बसताना वहिनी टेबलाखाली शिरल्या. "मी धरते. तू बोल."

"वहिनी, खोलीत कोणी नको ना!"

"मग वायर कोण धरणार, तुझा इतिहास?"

पहिला प्रश्न झाला. दुसऱ्याला परीक्षक मॅडमनी विचारलं, "तुम्ही सारखं खाली कोणाकडे बघताय?"



टेबलाखालून वहिनींचं डोकं वर आलं. "नमस्कार मॅडम. मी यांची जाऊ. वायर धरून बसलेय. सोडली की तुम्ही जाता."

"म्हणजे?"

"दाखवू?"

आणि सोडली!

स्क्रीनवर काही नाही. वहिनींनी शांतपणे वायर परत लावली. मॅडम आल्या त्या हसतच.

"अहो, कळलं, कळलं! आता सोडू नका. पण कॅमेऱ्यात दिसाल अशा बसा. आणि एक शब्दही नाही."

"शब्द काय, मान पण नाही हलवत."

वहिनी माझ्या शेजारी खुर्चीवर बसल्या. हात कार्डापाशी, ओठ घट्ट मिटलेले.

तीन-चार उत्तरं छान गेली. मग मॅडमनी विचारलं, "कोणत्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झालं?"



मी हळूच वहिनींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"आठवत नाही, मॅडम," मी म्हणाले. पुढचा प्रश्न आला.

परीक्षा संपली. लॅपटॉप बंद झाला मात्र, वहिनी उसळल्याच.

"मंदसौर गं, मंदसौर! रोज बसच्या पाटीवर वाचतेस! जीभ दाताखाली धरून बसले होते मी!"

मी चिडले. "मग एक डोळा मिचकावायचा होता ना! वर्ष गेलं असतं माझं."

वहिनी बोटं चोळत होत्या. आखडली होती बिचारी.

"त्या बाईने विश्वासाने बसवलं मला. आणि डिग्री तुझी हवी, सुधा. अर्धी माझी झाली असती तर तुला गोड लागली असती का?"

मी पास झाले. मार्क बेताचे. पण त्यातला एकूण एक माझा आहे, हे मला आज छातीवर हात ठेवून सांगता येतं.

ते वहिनींनी दिलं.

वहिनी, वाकून नमस्कार करते. सावकाश जा.

मंडळी, मोठे भाऊजी एकटे पडलेत. सारखे फोन बघतायत. वहिनींची एखादी आठवण असेल तर इथे ग्रुपवर लिहा, मी त्यांना वाचून दाखवते.

लवकर लिहा हं. आजच.