पेटारीतला पाहुणा

सोलापूरहून परत येताना माझ्या मांडीवर वेताची पेटारी होती आणि वाडी जंक्शनपासून ती कूं कूं करत होती. आईनं तिच्यावर घोंगडी टाकली, तरी आमच्या डब्यातल्या सगळ्यांना आत काय आहे ते कळलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त बाबांना, कारण ते हैदराबादेत होते.

अठ्ठेचाळीस साली दंगे वाढले तेव्हा बाबांनी मला आणि आईला मामाकडे सोलापूरला पाठवलं होतं. स्वतः मात्र शाळेची नोकरी आणि कुत्रा सांभाळत हिमायतनगरच्या घरात राहिले. सोबतीला शेजारचे चाचा होते. निजामाच्या घोड्यांच्या पागेत त्यांनी उमर काढली होती. आधी चाचा रोज आमच्या पायरीवर येऊन बसत, आमच्या घराकडे कुणी वाकडी नजर टाकू नये म्हणून. मग हिंदुस्थानी फौज आली, वारं फिरलं, आणि बाबा जाऊन चाचांच्या पायरीवर बसू लागले. कुत्रा दोन्ही वेळा पायरीवरच होता.

नामपल्ली स्टेशनवर बाबांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पेटारीकडे.

"ही का रडतेय?"

"मामीनं लोणचं दिलंय," मी म्हणाले. तेवढ्यात लोणच्यानं झाकण वर ढकलून पांढरं नाक बाहेर काढलं.

आम्ही टांग्यात चढलो. बाबा म्हणाले, "घरच्या कुत्र्याला विचारलंत का? चार महिन्यांत तो माझा कुत्रा राहिला नाही. मी त्याचा माणूस झालोय. तुझ्या आईच्या चटईवर झोपतो तो."

"माझ्या?" आई म्हणाली. "बघतेच मी."

टांगा दारात थांबला. आमचा तपकिरी, बैलासारख्या छातीचा कुत्रा आम्हाला बघून वेडा झाला. आईच्या खांद्यावर पंजे, माझ्या तोंडावर जीभ! मग त्याला पेटारीचा वास आला. शेपूट थांबली, पाठीवरचे केस ताठ उभे राहिले, आणि त्यानं असा आवाज काढला की टांग्याचा घोडाच दोन पावलं मागं सरला.

चाचा तोंडात दातण घेऊन धावत आले आणि आईला म्हणाले, "ठहरो, बी! अंदर नक्को ले जाओ! ये उसका घर है. मेहमान को पहले बाहर मिलाते."

पागेत नवा घोडा आला की जुन्याला त्याच्याबरोबर आधी लांबून चालवायचे, मग जवळून. तेच इथं करायचं, असं त्यांनी फर्मावलं. आम्ही हातपायसुद्धा धुतले नव्हते. पण चाचांचा हुकूम म्हणजे हुकूम! नारायणगुड्याच्या बाजूला तेव्हा मोकळं माळरान होतं. रस्त्याच्या एका कडेनं दोरी धरून बाबा आणि कुत्रा, दुसऱ्या कडेनं माझ्या वेणीची लाल रिबीन गळ्यात बांधलेलं पिल्लू आणि त्याच्यामागं मी आणि आई. मधोमध चाचा, पलटणीच्या थाटात.

"चलो! सीधे देखो! रुको!"

कुत्रा रुबाबात चालायचा. पिल्लू चार पावलं चालून बसायचं, स्वतःच्या सावलीवर भुंकायचं, मग कोलांटी खायचं. आईला हसू येऊ लागलं होतं. ती पदर तोंडावर दाबून चालत होती.

इतक्यात मागून फौजेचा ट्रक आला आणि आमच्याजवळ थांबला. बाबांचा चेहरा उतरला. पाच माणसं एकत्र जमायला तेव्हा बंदी होती. ते हलकेच म्हणाले, "आपण चौघंच आहोत. कुत्री त्यात मोजत नसतील ना?"

एक उंच जवान खाली उतरला. त्यानं काहीतरी विचारलं, पण ती मद्रासकडची भाषा आम्हाला कुणालाच येईना. चाचांनी मोठ्या कुत्र्याकडे बोट दाखवलं, पिल्लाकडे दाखवलं, आणि आपलेच दोन हात एकमेकांत घेऊन जोरानं हलवले. जवान क्षणभर बघत राहिला. मग त्यानं ट्रककडे वळून काहीतरी ओरडून सांगितलं आणि फळीवर डोक्यांची रांग उगवली.

तेवढ्यात रिबीन सुटली. पिल्लू रस्ता ओलांडून थेट मोठ्याच्या पायांत!

"दोरी खेंचो नक्को! हिलो नक्को!" चाचा ओरडले.

बाबा पुतळा झाले. मोठ्यानं मान खाली घालून वास घेतला, पुढून, मागून, पुन्हा पुढून. पिल्लू उताणं पडलं आणि भीतीनं त्याची शूची धार उडाली, ती थेट मोठ्याच्या नाकावर. मोठा जोरात शिंकला. आम्ही श्वास रोखले. आणि मग त्यानं पुढचे पाय पसरले, बूड वर केलं आणि शेपूट हलवली!

पुढं काय झालं ते नीट सांगता येत नाही, इतकं ते भरभर झालं. पिल्लू पळालं, मोठा त्याच्यामागं, दोरी बाबांच्या पायांभोवती तीन वेढे, आणि पांढऱ्याशुभ्र धोतरातले आमचे बाबा धुळीत आडवे. पिल्लू त्यांच्या पोटावर चढलं. ट्रकमधून शिट्ट्या आणि टाळ्या. आई मैलाच्या दगडावर बसून हसत होती, डोळे पुसत होती, पुन्हा हसत होती. सोलापुरात चार महिने मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. उंच जवानानं बाबांना हात देऊन उठवलं, त्यांची टोपी झटकून डोक्यावर ठेवली आणि जाता जाता कुत्र्यांना सलाम ठोकला. तो चाचांनी घेतला.

घरात मोठा आधी शिरला, पिल्लू नंतर. चाचांनी तसंच करायला लावलं. ताटल्या अंगणाच्या दोन टोकांना ठेवल्या. तरी आठवडाभर जेवताना गुरगुर चालायची. मग एक दिवस पिल्लू मोठ्याच्या ताटलीत चक्क उभं राहून जेवताना दिसलं, आणि मोठा शेजारी बसून आपली पाळी यायची वाट बघत होता.

मोठ्यानं त्याला बरंच शिकवलं: टपालवाला कोण, भाजीवाली कोण, कुणावर भुंकायचं, कुणावर नाही. पिल्लानं मोठ्याला एकच गोष्ट शिकवली, स्वतःची शेपूट पकडणं. एवढा थोराड प्राणी अंगणात गरगर फिरायचा, झोकांडी खाऊन तुळशीच्या कट्ट्यावर आपटायचा आणि पुन्हा उठून फिरायला लागायचा. चाचा कुंपणावरून मान काढून त्याला चढ्या आवाजात विचारायचे, "मियाँ, मिली क्या?"