एका श्वासात किती?

१९८८. मी सैनिकी हॉस्पिटलात नुकतीच लेफ्टनंट नर्स झाले होते. रजेवर एरंडोलला घरी आले. खांद्यावर दोन तारे, डोक्यात आठ. आईच्या स्वयंपाकघराचंही इन्स्पेक्शन करायची मी!

शेजारचे हवालदार दगाभाऊही रजेवर होते. पंधरवड्यापूर्वी त्यांना सर्दी-ताप येऊन गेला होता. दुसऱ्या दिवशी युनिटला परतायचं होतं. सकाळी सात वाजता त्यांच्या बायकोने, इंदूवहिनींनी, बोलावलं. भाऊ ओट्यावरून उठेनात.

"मॅडमसाहेब, पाय मनं ऐकत नहीत," बसल्या बसल्या सॅल्यूट ठोकत ते हसले.

"उद्या रजा संपते आणि आज पाय संपले? हा आजार वॉर्डात रोज बघते मी, हवालदार."

रजा वाढवायला दुखण्याचं सोंग आणणारे दोन जवान पाहिले होते. तेवढ्यावर मी मोठी तज्ज्ञ! एक गोळी दिली आणि घरी येऊन जेवले.

बारा वाजता वहिनी धावत आल्या. "ताई, त्यास्ना हातमा कपबी ऱ्हात नही."

आता कुतूहल जागं झालं. नाटक पायांचं असेल, तर हात कशाला जातील? मी लाटणं घेऊन गेले, त्यांच्या गुडघ्याखाली ठोकलं. एरवी पाय आपोआप उडतो; त्यांचा हलला नाही. दुसराही नाही. माणूस सोंग करील, गुडघा कसा करील?

"एका श्वासात मोजा." श्वास किती टिकतो ते पाहायचं होतं.

"एक, दो, तीन..." एकवीसवर थांबले. तासाभराने चौदा. मी जीप मागवली.

वाटेत पारोळ्यापाशी मोजणी नऊवर आली.

"घाबरलात, भाऊ?"

"नही. तुम्ही घाबरनात." खरंच घाबरले होते मी.

चार वाजता धुळ्याच्या हॉस्पिटलात पोचलो. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं: सर्दीशी लढायला निघालेली शरीराची फौज कधीकधी आपल्याच नसांवर गोळीबार करते. पायांपासून वर चढत श्वासापर्यंत पोचते. मग विचारलं, "केव्हापासून?"

"सात वाजल्यापासून."

त्यांनी घड्याळ पाहिलं. लगेच भाऊंच्या घशात श्वासाची नळी घातली. बाराव्या दिवशी न्यूमोनियाने भाऊ गेले.

रजेवर असताना वारलेल्याचं नाव युनिटच्या स्मारकावर कोरत नाहीत. म्हणून पुढे नर्सांच्या प्रत्येक नव्या बॅचला पहिल्याच तासाला मी ते फळ्यावर लिहीत असे: हवालदार दगाभाऊ, एरंडोल. सहा तास उशीर. उशीर लेफ्टनंटचा.