कपाटावरच्या बाटल्या

माझ्या नातीची पाण्याची बाटली नर्सरीतून रोज जवळजवळ भरलेलीच परत येत असे, आणि त्याचा अर्थ लक्षात यायला मला दोन महिने लागले. या गोष्टीची लाज मला अजून वाटते.

ती तेव्हा तीन वर्षांची होती. मुलगा आणि सून दोघंही खराडीला आयटी कंपनीत. मी बुधवार पेठेतल्या एका दुकानात पस्तीस वर्षं शाळेची पुस्तकं विकून निवृत्त झालेला माणूस. बायको गेल्यावर मुलाकडे राहायला आलो आणि नातीला सकाळी नऊला सोडायचं, दुपारी तीनला आणायचं, हे काम हौसेनं मागून घेतलं.

नर्सरी सोसायटीपासून दहा मिनिटांवर. बाहेरच्या भिंतीवर जिराफ आणि फुगे, आत एसी. प्रवेश घेताना तिथल्या संचालिकाबाईंनी आम्हाला मुलांच्या मेंदूच्या वाढीवर अर्धा तास व्याख्यान दिलं होतं. सुनेनं ते मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मीही मान डोलावली. आमच्या मुलाच्या वेळी असं काही नव्हतं, पोरीचं नशीब मोठं, असंच मला वाटलं.

दुपारी फाटकातून बाहेर आली की नात आधी म्हणायची, "आजोबा, पाणी." बाटली तिच्याच दप्तरात असायची. मी उघडून द्यायचो आणि ती तिथेच उभ्या उभ्या गटागटा अर्धी संपवायची. खेळून दमली असेल, असं मी समजायचो. शेजारी इतर मुलंही तशीच पाणी पीत उभी असायची. ते पाहून मला शंका यायला हवी होती. आली नाही. उलट, ताजी हवा आणि भरपूर खेळ म्हणून मी खूश.

मग एक दिवस तिला ताप आला. शू करताना रडायला लागली. आम्ही तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासणी करून घेतली आणि लघवीत इन्फेक्शन असल्याचं सांगितलं.

"दिवसभरात पाणी किती पिते?" त्यांनी विचारलं.

सून माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "घरी येताना खूप पिते."

"आणि त्याच्या आधी?"

त्याच्या आधीचं मला काहीच माहीत नव्हतं. डॉक्टर म्हणाल्या, "मुलं शू रोखून धरतात, पाणी कमी पितात, मग असं होतं. शाळेत जरा विचारा."

मी शाळेच्या आधी नातीलाच विचारलं. ती कॉटवर चित्रांचं पुस्तक घेऊन पडली होती. अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाटली वर असते. कपाटावर. टीचर म्हणतात, आत्ता नाही. पाणी प्यायलं की शू लागते."

हे तिनं तक्रार म्हणून सांगितलं नाही. 'पाऊस आला की भिजायला होतं' हे जसं सांगावं, तसं सांगितलं. दोन महिन्यांत एवढं शिक्षण तिचं नक्की झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला घरी सुनेजवळ ठेवून मी अकराच्या सुमारास एकटाच नर्सरीत गेलो. फाटकाशी तिथल्या मावशी डबे धुवत होत्या. मुलांना शी-शूला नेणं, पुसणं, भरवणं, फरशी पुसणं, सगळं त्यांच्याकडे. मांजरी गावाहून रोज बसनं यायच्या. मी नातीचा आजार सांगितला तेव्हा त्यांचे हात थांबले.

"बाबा, म्या एकटी हाय," त्या हळूच म्हणाल्या. "सव्वीस लेकरं हायेत. एकाला आत न्यावं तर दुसरं चड्डीत करतंय. मॅडम म्हंत्यात, वास याया नको, पालक येत्यात. मग टीचरनी बाटल्या वर ठिवल्या. लईच रडलं कुणी, तर देते म्या दोन घोट. कुणी बघत नसताना."

कुणी बघत नसताना! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. भर पुण्यात, एसी लावलेल्या खोलीत, तीन वर्षांच्या मुलांना एक बाई चोरून पाणी पाजते आणि त्या जागेला आपण शाळा म्हणतो. मी तसाच आत शिरलो. वर्गाच्या दाराला काच होती. मुलं छोट्या टेबलांशी बसून ठिपके जोडून अक्षरं काढत होती. कपाटावर रंगीबेरंगी बाटल्यांची रांग होती, मोठ्या माणसालाही टाचा उंचावून घ्याव्या लागतील इतक्या उंच.

संचालिकाबाई ऑफिसात होत्या. "या ना अंकल, बसा."

"बसायला नाही आलो. मुलांच्या बाटल्या कपाटावर का आहेत?"

त्या हसल्या. "मुलं एकमेकांचं बघून पाणी मागतात, अंकल. मग दहा जणांना टॉयलेटला जायचं असतं. अ‍ॅक्टिव्हिटी मधेच तुटते. म्हणून आपण दोन वॉटर ब्रेक ठेवलेत, साडेदहाला आणि एकला."

"आणि मधे तहान लागली तर?"

"हळूहळू सवय होते. सेल्फ-कंट्रोल हेही अर्ली लर्निंगच आहे."

एवढं बोलून त्यांनी टेबलावरची स्वतःची बाटली उचलली आणि एक घोट घेतला. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नाही. घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

मी म्हणालो, "बाई, पस्तीस वर्षं पुस्तकं विकली. तहान मारण्याचा धडा कुठल्याच पुस्तकात पाहिला नाही. आणि आपण तर मधेच प्यायलात. आपल्याला सवय अजून व्हायची आहे वाटतं."

त्यांचा चेहरा उतरला. मग त्या थंडपणे म्हणाल्या, "तुमच्या नातीला त्रास झाला, सॉरी. पण तो इथेच झाला असं नाही म्हणता येत. बाकी कुणाचीच कम्प्लेंट नाही."

तेव्हा माझा तोल गेला. "तुमच्या मावशीच सांगतात, एकट्या बाईला सव्वीस मुलं सांभाळणं होत नाही म्हणून! त्यांना विचारा."

हे वाक्य मी मोठ्या आवाजात बोललो. त्या वेळी ते मला फार ठोस वाटलं होतं.

त्या दुपारी सुनेनं पालकांच्या ग्रुपवर सगळं लिहिलं. एकानं नुसतं अंगठ्याचं चिन्ह टाकलं. एक वडील म्हणाले, गॅदरिंग तोंडावर आहे, आत्ता इश्यू करू नका. एका आईनं तर विचारलं, मुलीला घरीच टॉयलेट ट्रेनिंग नीट दिलं होतं का? तेही माझ्या सुनेला! तिनं फोन उशीवर आपटला. पण संध्याकाळपर्यंत चार जणींनी तिला खासगीत कळवलं की त्यांचीही मुलं घरी आल्याबरोबर पाण्यावर तुटून पडतात. सगळ्यांनी पाहिलं होतं. माझ्यासारखंच, प्रत्येकानं आपली समजूत घालून घेतली होती.

त्या चौघी, सून आणि मी असे शनिवारी पुन्हा गेलो. सहा जण समोर उभे राहिल्यावर बाईंचं सेल्फ-कंट्रोल लगेच संपलं. सोमवारी बाटल्या खाली एका बुटक्या बाकावर आल्या, आठवड्यात दोन नव्या मावशीही आल्या. म्हणजे हे सगळं आधीही शक्य होतं. फक्त कुणी ओरडत नव्हतं, म्हणून केलं नव्हतं.

दोन नव्या मावशी, हे ऐकून मी चौकशी केली. जुन्या मावशींना काढून टाकलं होतं. 'बाहेरच्यांशी आतल्या गोष्टी बोलतात' म्हणून.

आम्ही नातीला तिथून काढलं. जवळच्याच एका गल्लीत दोन बहिणी बालवर्ग चालवतात, तिथे घातलं. तिथे वर्गात माठ आहे, मुलं हवं तेव्हा उठून पितात, सांडतात, आणि फडक्यानं स्वतःच पुसतात. नात महिन्याभरात बरी झाली. सोसायटीत लोक मला म्हणाले, काका, तुम्ही हलवून सोडलंत त्यांना.

एके दिवशी पत्ता विचारत विचारत मांजरीला गेलो. नव्या इमारतींच्या मागे, उसाच्या शेताला लागून खोल्या होत्या. मावशी दारातल्या ओट्यावर मेथी निवडत होत्या. मला पाहून उठल्या नाहीत.

"तुमी माझं नाव घेतलं व्हय तिथं?" त्यांनी विचारलं.

"घेतलं," मी म्हणालो. "रागाच्या भरात. चूक झाली माझी."

"तुमचा राग बरोबर व्हता. पन तुमी बोलून घरी गेलात."

मी बालवर्गाच्या त्या दोघी बहिणींकडे मावशींसाठी शब्द टाकला होता. तिथे जागा नव्हती. तसं मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. खराडीला हापिसात कॅन्टीनचं काम मिळालंय मला. भांडी रडत न्हाईत."

मग त्यांनी मेथीची जुडी बाजूला सरकवली आणि मला बसायला जागा केली. मी बसलो. बराच वेळ आम्ही दोघांनी मिळून मेथी निवडली. संचालिकाबाईंचा राग माझ्या मनातून गेलेला नव्हता, आजही गेलेला नाही. पण त्या ओट्यावर बसल्यावर, त्यातला थोडा मला स्वतःवरही घ्यावा लागला.