ओवाळणीतला पुशरॉड

अन्वरभाईंचा फोन आला तेव्हा मी ऐरोलीच्या ऑफिसात एका जपानी इंजिनाच्या झडपांचे आलेख बघत बसले होते. "ताई, तुमी या. आत्ताच या. दादा..." एवढंच बोलले. अन्वरभाई म्हणजे माझ्या दादाचे जहाजावरचे जोडीदार, मूळचे मुरूडकडचे. दोघांनी उभी हयात इंजिनरूममध्ये काढली आणि निवृत्त झाल्यावर खांदेश्वरला एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले. मी पोचले तोवर दादाला वर घरात आणून निजवलं होतं. सकाळी खाली पार्किंगमध्ये, त्याच्या त्या इंजिनाशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला. हातात पुसायचं फडकं होतं म्हणे. जमलेले लोक म्हणत होते, भाग्यवान हो, त्रास नाही झाला. मला तेव्हाही राग आला होता आणि आज इतक्या आठवड्यांनी हे लिहितानाही तो उतरलेला नाही. वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी हृद्य आठवणी मागितल्यात. माझ्याकडे सध्या हृद्य काही नाही, माफ करा.

ते इंजिन म्हणजे एका जुन्या अमेरिकन गाडीचं आठ सिलिंडरचं धूड. गाडी मुंबईत दारुखान्याच्या भंगारबाजारात मोडीत निघाली होती, तिथून दादाने इंजिन तेवढं उचलून आणलं आणि इमारतीखाली स्टिल्टमधल्या स्वतःच्या पार्किंगच्या जागेत लोखंडी स्टँडवर बसवलं. गाडी त्याने कधी घेतलीच नाही, जागा इंजिनाला! वहिनी होती तोवर म्हणायची, "माझी सवत खाली राहते, मी वर राहते, भांडण नाही." दर खंडेनवमीला दादा त्या धुडाला हळदकुंकू लावायचा, झेंडूचा हार घालायचा, आणि समोरून जाणारी सोसायटीची पोरंटोरं हसायची. त्याला एकच करायचं होतं. ते इंजिन एकदा चालू करून मला ऐकवायचं होतं. मलाच, धाकट्या बहिणीला, मंजूला, दुसऱ्या कुणाला नाही, कारण मी त्या इंजिनाला त्याच्या तोंडावर 'शेतीपंप' म्हणाले होते.

आमचं भांडण समजायला थोडी यंत्राची माहिती लागेल, ती घ्या. इंजिनात हवा आत यायला आणि धूर बाहेर जायला झडपा असतात. त्या उघडायला एक फिरता दांडा लागतो, कॅमशाफ्ट. युरोपवाले, जपानवाले तो वर डोक्यावर, झडपांना लागून बसवतात. सिलिंडरच्या एकेका रांगेवर बहुतेक वेळा दोन-दोन बसवतात, सिलिंडरमागे चार झडपा देतात, आणि मग इंजिन असं भिरभिर फिरतं की ऐकत राहावं. अमेरिकनांनी मात्र तो दांडा खाली, इंजिनाच्या पोटात ठेवला आणि तिथून वीतभर सळयांनी वरच्या झडपा ढकलायची रीत धरली. त्या सळया म्हणजे पुशरॉड. साऱ्या जगाने सोडून दिली तरी यांनी आपल्या दांडग्या गाड्यांसाठी ती सोडली नाही. माझं पोट ज्या कामावर चालतं त्यात मी रोज झडपांचंच बघते, त्यामुळे मला हा निव्वळ हट्टीपणा वाटायचा. सळई म्हणजे वजन, वजन म्हणजे वेगात फिरताना झडप वेळेवर मिटणार नाही. साधी गोष्ट आहे!

दर शनिवारी मी खांदेश्वरला जायचे, दादा पोहे करायचा, आणि पोहे संपायच्या आत आम्ही पेटलेले असायचो. इंजिनाचं आकारमान लिटरमध्ये मोजतात; "लिटरमागे ताकद बघ," मी म्हणायचे, "तुझ्या अमेरिकनाच्या निम्म्या आकारात जपानी तेवढीच काढतो." "लिटर मोजायला तू काय दूध विकतेस?" तो म्हणायचा. "त्यांच्याकडे लिटरवर कर बसतो, म्हणून ते लिटर वाचवतात. तू अख्खं इंजिन वजनकाट्यावर ठेव. उंची मोज. माझं बुटकं आहे, हलकं आहे, बॉनेटखाली गुपचूप बसतं. तुझ्या जर्मनाच्या दोन रांगांच्या डोक्यावर मिळून चार कॅमशाफ्ट, हातभर लांब चेन, डोकं केवढं ते!" मग त्याचं ठरलेलं उदाहरण यायचं, आंब्याचं. एका माणसाने खाली उभं राहून बांबूने आंबा पाडायचा, की चार माणसं झाडावर चढवायची? "बांबू वाकतो, दादा. घाई केली की वाकतोच." "घाई कोणाला आहे? सायन-पनवेल हायवेवर मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर इंजिन फिरवणारा एक माणूस दाखव मला. पहिल्या सिग्नलला जोर लागतो, मंजे, पहिल्या सिग्नलला!" मी म्हणायचे, चालू करून दाखव, मग बोलू. तो म्हणायचा, "होईल. एक पार्ट यायचाय."

एक पार्ट यायचाय... किती वर्षं ऐकलं हे. जगातल्या सगळ्या बंदरांवर ओळखी असलेल्या माणसाला एक पार्ट मिळत नाही, यावर मी हसायचे. खंडेनवमीला फोन करायचा, "येताना काही आणतेस का?" मी म्हणायचे, आणते की. दारातच हात पुढे करून पिशवीत डोकावायचा, "काय आणलंस?" श्रीखंडाचा डबा उचलून पिशवीचा तळ बघायचा, मग म्हणायचा, "छान. श्रीखंड तर श्रीखंड." मला वाटायचं, साखर वाढलीय त्याची, म्हणून तोंड पडलं असेल.

तेराव्याला सोसायटीचे सेक्रेटरी हात जोडून आले. "दादा म्हणजे सोसायटीची शान होते," म्हणाले. त्याच दमात ओंकारला बाजूला घेऊन म्हणाले, "ते खालचं भंगार तेवढं बघा, फायर ऑडिट आहे." ओंकार म्हणजे दादाचा मुलगा, परदेशी असतो, रजा संपत आलेली. मी तिथेच सांगितलं, भंगार कोणाला म्हणता? इंजिन माझ्याकडे जाईल, मी रविवारी टेम्पो आणते, कुणी हात लावायचा नाही. सेक्रेटरी "हो मॅडम, हो मॅडम" करत गेले. ओंकारही मान हलवून मोकळा झाला. आणि शुक्रवारी, मी ऑफिसात असताना, तळोज्याचा भंगारवाला येऊन ते घेऊन गेला. अख्खं उचलता येईना म्हणून घण घालून फोडलं, आणि तुकडे नेले.

मी काय काय बोलले ते छापता येणार नाही. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, ओंकारनेच हो म्हटलं." लाज वाटायला हवी होती त्या माणसाला. ज्याच्या हातून फुकट सगळ्या बिल्डिंगचा पाण्याचा पंप दुरुस्त करून घेतलात, त्याच्या एका वस्तूला दोन दिवस थांबता आलं नाही? ओंकार फोनवर म्हणाला, "आत्या, तू इमोशनल होतेयस. तसंही ते कधी चालणारच नव्हतं." बापाच्या आयुष्यभराच्या हौसेबद्दल हे इतकं थंडपणे म्हणता येतं! मी फोन आपटला. खाली गेले तर फरशीवर तेलाचा डाग होता, आणि मागच्या खंडेनवमीचा वाळका हार कोपऱ्यात झाडून लोटलेला.

अन्वरभाई त्याच प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मी त्यांच्यावरही घसरले. तुम्ही होतात ना इथे? अडवलं का नाही? "आडवलं ताई. माझं कोन ऐकतंय?" मग म्हणाले, "चाललं असतं ते. ओंकारला ठावं नाय. एक पुशरॉड नव्हता, बास. बाकी समदं दादांनी बसवलं होतं." मी म्हटलं, मग आणायचा ना एक पुशरॉड! तुम्ही दोघांनी जग पालथं घातलंत, एक सळई मिळाली नाही? "मिळाली की. मी दोनदा आनून देतो बोल्लो. नको बोल्ले. बोल्ले, तो मंजूकडं हाय. भावाने ओवाळनीत घातलेलं मागून घेत नाय अन्वर, ती आपनहून आनंल."

वहिनी गेल्यानंतरची पहिली भाऊबीज होती ती. दादा माझ्याकडे आला होता. मी ओवाळलं, आणि दरवेळच्या पाकिटाऐवजी त्याने ताटात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. उघडलं तर पोलादी सळई, चकचकीत पुसलेली. "ठेव तुझ्याकडे. पटलं की घेऊन ये," म्हणाला. "जन्मात पटायचं नाही," मी म्हटलं, आणि आम्ही दोघंही पोट धरून हसलो. मला वाटलं, पडलेल्या सामानातला जास्तीचा तुकडा आहे, मला चिडवायला आणलाय. माझ्या स्वयंपाकघरातली सरकती खिडकी खाडीच्या वाऱ्याने सारखी आपटायची; सळई तिच्या पट्टीत बरोब्बर बसली. तेव्हापासून ती तिथेच आहे. त्या खिडकीशी उभी राहून मी तुझ्यासाठी श्रीखंड घोटलंय, दादा! दर वर्षी!

आणि तू काय केलंस? पिशवीत डोकावलास. इंजिनाला हार घातलास. सगळ्यांना "एक पार्ट यायचाय" सांगितलंस. तुझ्या तोंडाला कुलूप लागलं होतं का? बहिणीची ओवाळणी परत मागायची नाही, हे पाळलंस. आणि माझ्याबरोबर गॅरेजवाल्यासारखं भांडताना कुठे गेली होती रीतभात? लोक म्हणतात, भाऊ-बहीण फार प्रेमाचे. डोंबलाचं प्रेम! दोन हट्टी माणसं एका सळईच्या दोन टोकांना बसून राहिली, आणि मधल्यामध्ये ते इंजिन गेलं भट्टीत.

त्या दिवशी घरी येऊन मी तो रॉड काढला. इतक्या वर्षांत गंजला नव्हता, एका टोकाला तेवढी धूळ बसली होती. ओल्या फडक्याने पुसला, मग फोडणीच्या तेलाचं बोट फिरवलं. हातात धरला तर काहीच वजन नाही... मी उगीच इतकी वर्षं वजनावरून भांडले. वारा सुटला, खिडकी आपटायला लागली, म्हणून परत पट्टीत ठेवून दिला. त्याला आता दुसरी जागा तरी कुठे आहे?

मला अजूनही पटलेलं नाही, दादा. कॅमशाफ्ट वरच हवा. हे मी तुझ्या फोटोसमोरही म्हणेन. पण न पटताही मी तो आणून दिला असता रे. एकदा तोंडाने मागायचं होतंस.