कूस न बदलणारा माणूस

ह्यांना झोप लागत नाही, हे घरात माझ्याशिवाय कुणालाच खरं वाटत नव्हतं. "लाकडावानी पडून ऱ्हातोय की. आनि कशी झोप पायजे?" असं सासूबाई म्हणायच्या. हे चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशिनवर असतात. तिथे क्षणभर डोळा लागला तर हात गेलाच.

शेवटी पिंपळे सौदागरला झोपेच्या डॉक्टरीणबाई गाठल्या. त्यांनी ह्यांच्या मनगटाला एक घड्याळ बांधलं. ते झोप आणि जाग मोजतं म्हणे. आठवड्याने त्यांनी कॉम्प्युटरवर आलेख दाखवला. झोप उत्तम. ह्यांचा चेहरा असा उतरला, जसं काही खोटं बोलतानाच पकडले गेले. मी मात्र पेटले.

"मॅडम, हे घड्याळ झोप ओळखतं कसं?"

"हालचालीवरून. झोप येत नसली की माणूस कूस बदलतो, हात हलवतो."

मी ह्यांच्याकडे वळले. "अहो, मग तुम्ही कूस का बदलत नाही?"

हे खाली बघत म्हणाले, "आपला पलंग करकरतो. तुला सकाळी शाळा असते."

मी थेरगावच्या शाळेत शिकवते. म्हणजे इतकी वर्षं मी ढाराढूर झोपत होते आणि शेजारी हा माणूस टक्क जागा, तरी हूं की चूं न करता पडून होता. डॉक्टरीणबाईंनी आलेख बंद केला. "घड्याळ आणखी आठवडाभर ठेवू," त्या म्हणाल्या. "या वेळी हवं तेवढं हला."

त्या आठवड्यात ह्यांनी पलंग नुसता दणाणून सोडला. मी फळ्यासमोर जांभया देत होते आणि कुणी विचारलं तर ताठ मानेने सांगत होते, आमच्याकडे मोजणी चालू आहे. नवा आलेख जागेपणाच्या काळ्या रेघांनी भरून गेला होता. झोप फारच वाईट आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मला नवऱ्याचा असा अभिमान वाटला, जो लग्नाच्या मांडवातही वाटला नव्हता. त्यांनी लगेच उपचार सुरू केले.

दवाखान्याचा जिना उतरताना ह्यांनी हळूच विचारलं, "मोजणी झाली. आता परत गप पडून राहू ना?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "मला जाग आली, तर मीही जागी राहीन."