पलंगावरची दुनळी

आशागडच्या आमच्या बाजूला चिकूच्या वाड्या, आणि परवान्याच्या बंदुका तिघांकडेच: रमणीकभाई, पाटील मास्तर आणि मी. वर्षाला एखादा बार, तोही हवेत, रानडुकरं हुसकायला. पण किस्से म्हणाल तर ते बारापेक्षा जास्त उडतात! सगळे मी चवीने सांगतो. फक्त बायको शेजारी बसली असेल, तर शेवटचा गाळतो.

माझी दुनळी वडिलांच्या वेळची. नलिनीच्या पलंगाच्या वर भिंतीत खुंटी, खुंटीला पट्टा, पट्ट्याला बंदूक. लग्न झाल्यापासून तिचं एकच पालुपद, "अहो, काढा ना ती तिथून. भीती वाटते मला."

आणि माझंही एकच, "रिकामी आहे गं!"

*

निवडणूक लागली की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या. २०१४ साली रमणीकभाई चादरीत गुंडाळलेला लांबलचक जिन्नस रिक्षातून घेऊन आले. हवालदाराने चादर सोडली, तर आत चिकू काढायची काठी!

"याचा परवाना दाखवा," हवालदार म्हणाला.

आम्ही खो खो हसलो. रमणीकभाई मात्र पांढरेफटक. "अरे बाप रे, एटले, म्हणजे दुसरी चादर वाडीत गेली!"

तसेच उलटे पळाले. वाडीत गडी चादरीसकट बंदुकीने फांदी खाली ओढत होता, आणि नळीचं तोंड त्याच्याच छातीकडे. त्यानंतर आठ दिवस रमणीकभाईंनी चिकू तोंडात घेतला नाही.

*

पाटील मास्तरांचा प्रकार उलटा. बंदूक कपाटात, काडतुसं दुसऱ्या खोलीतल्या पेटीत, आणि पेटीची किल्ली धाकटी डहाणू गावी बहिणीकडे! एकदा डुकरं रताळ्यांत घुसली. मास्तर मोटारसायकलवर किल्ली घेऊन येईपर्यंत डुकरं जेवून, हात धुऊन गेली.

"मास्तर, डुकरांना टाइमटेबल लावून द्या!" मी म्हटलं.

मास्तर शांतपणे म्हणाले, "भाऊ, रताळी पुढच्या वर्षी पुन्हा येतात."

मी तेव्हाही हसलोच.

*

रमणीकभाईंचा भाचा अमेरिकेहून आला. सांगायला लागला, "मामा, आता स्मार्ट बंदूक येते. मालकाचं बोट ओळखते. दुसऱ्या कुणी धरली तर उडतच नाही!"

रमणीकभाईंनी अंगठा पुढे केला. "चिकूच्या चिकाने हा साफ घासलाय. बँकेतलं मशीन मला ओळखत नाही, ती बंदूक काय ओळखणार?"

चहा आणता आणता नलिनीने विचारलं, "मालकाचं बोट ओळखते ते ठीक. मालकाचं डोकं ओळखते का?"

बघितलं कुणाकडे, ते सांगायला नको.

*

२०१८ साली मोबाइलवर चोरांच्या टोळीची अफवा फिरली. रानशेतला दिसले, आज इकडे येणार, असलं काहीबाही. लोक काठ्या घेऊन बसले. मी दुनळी काढली, दोन्ही नळ्या भरल्या आणि ओटीवर बसलो. कातरवेळ. चिकूच्या झाडांमागे सळसळ झाली.

"कोण आहे? बोल, नाहीतर उडवतो!"

"भाऊ, मी! मी आहे! नळी खाली कर!"

पाटील मास्तर! हातात फणस, आमच्यासाठी आणलेला. तो तिथेच फुटला. आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो. चहा झाला, फणस खाल्ला, बंदूक खुंटीवर गेली.

माझं बोट तेव्हा कुठे होतं, ते मास्तरांना मी अजून सांगितलेलं नाही.

*

त्याच हिवाळ्यात धरणीने आमची झोप उडवली. तलासरीकडून धक्के यायचे. आधी गडगडाट, मग भांडी वाजायची, मग खुंटीवरची बंदूक लंबकासारखी हलायची. दोनदा तर पट्टा सुटून ती खाली आली, नलिनीच्या उशीवर! पहिल्यांदा ती किंचाळली. दुसऱ्यांदा तिनेच नळीला धरून उचलली आणि परत टांगली.

"आता तरी काढा!"

"भूकंपाला भी. हिला काय भितेस? रिकामी आहे गं!"

*

मग २०१९ची निवडणूक. आम्ही तिघं पुन्हा ठाण्यात.

"रिकामी आहे ना?" हवालदाराने विचारलं.

"साहेब, वर्षानुवर्षं!"

त्याने नळी भिंतीकडे केली, दुनळी मधून मोडली. दोन्ही नळ्यांच्या बुडाशी दोन पितळी टिकल्या चमकल्या. त्याने नखाने एकेक काडतूस ओढून टेबलावर उभं केलं. लाल, भरलेली.



मास्तर हळूच म्हणाले, "फणसाच्या दिवशीची?"

मी मान डोलावली. हवालदार पुढे बरंच बोलला. मला ऐकू आलं नाही.

घरी आलो. नलिनी पलंगावर वाल सोलत बसली होती. "झाली जमा? काय म्हणाले?"

"काही नाही."

तेवढ्यात गडगडाट झाला, भांडी वाजली. मी धावलो, तिचा दंड धरला आणि तिला खस्सकन पलंगावरून खाली ओढलं. वाल घरभर.

"अहो, असं काय करता?" ती वर बघून म्हणाली. "आज तर खुंटी रिकामी आहे!"