सतराशे सेंटिमीटरची कॉइल

ज्याला आकड्यापुढे एकक लिहायचा कंटाळा येतो, त्याच्याशी माझं आयुष्यात कधी जमलं नाही. शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवताना अशा उत्तरांना मी सरळ भोपळा देत असे. मुलं मला खडूस म्हणत. म्हणोत.

सिंगापूर पडलं त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत मी मुरबाडला मावशीकडे होतो. मावशी विधवा. एकुलता मुलगा पलटणीत भरती होऊन मलायात गेला होता आणि सिंगापूर पडल्यापासून त्याची काही खबर नव्हती. शत्रूचं रेडिओ स्टेशन पकडलेल्या शिपायांची नावं इंग्रजीत वाचून दाखवतं, असं बाजारात कुणीतरी तिला सांगितलं. ते ऐकणं सरकारला खपत नाही, हेही सांगितलं. तेवढं तिने कानाआड केलं. मी रिकाम्या वेळात रेडिओ जुळवत बसतो हे तिला ठाऊक होतं. "तुला येतं तर कर रे," एवढंच म्हणाली.

माझ्याकडे एका जर्मन पुस्तकातला जोडणीचा नकाशा होता. त्यात कॉइलचा इंडक्टन्स दिला होता सतराशे सेंटिमीटर. हे सेंटिमीटर तारेच्या लांबीचे नव्हेत. जुन्या पद्धतीत इंडक्टन्सचं एककच ते होतं. वेढे काढायचं माझं सूत्र मात्र मायक्रोहेन्रीत चालणारं. हजार सेंटिमीटरचा एक मायक्रोहेन्री, म्हणजे एक पूर्णांक सात मायक्रोहेन्री. त्याच नकाशात कंडेन्सरसुद्धा सेंटिमीटरमध्येच दिलेला, पण ते सेंटिमीटर निराळे. तिथे दहाने गुणून नवाने भागावं लागतं. शहापूरची पायली आणि मुरबाडची पायली, भात तेच आणि माप वेगळं, तसला प्रकार. सूत्राने दहा वेढे सांगितले.

वेळूच्या नळकांड्यावर तार ताणून, सारखं अंतर ठेवून गुंडाळायची होती. माझ्या हाताला घाम फार. मावशीची बोटं त्या कामात वाकबगार, म्हणून मी तिला दहा वेढे सांगितले आणि बॅटरीत पाणी घालायला उठलो. खळ्यावर भात मोजावं तसं ती एकाला लाभ म्हणत मोजत होती, "लाभ, दोन, तीन…" मी परत आलो तेव्हा कॉइल तयार होती. टोकं स्क्रूखाली आवळली आणि हेडफोन कानाला लावला.

स्टेशन लागेना. माझा कंडेन्सर छोटा. खुंटी फिरवून फार लांब जाता येत नसे. नाचता येईना अंगण वाकडं, त्याप्रमाणे मी आधी पुस्तकाला शिव्या दिल्या. मग स्वतःवर संशय आला. कंडेन्सरचं दहा आणि नऊ कॉइललाही लावायचं असेल का? पुन्हा हिशोब, पुन्हा हजार. मावशी दाराशी नाचणी निवडत बसायची आणि माझ्या तोंडाकडे बघायची. त्या बघण्याचा मला राग येई, कारण तिला उत्तर हवं होतं आणि माझ्याकडे नुसते आकडे होते.

शेवटी नखाने वेढे मोजले. अकरा.

"मावशी, दहा सांगितले होते ना?"

"दहा तुजं झालं. वरचा येक माज्या पोराच्या नावचा. माप कदी कोरं घालतात का रे?"

मापावर ओंजळभर वर घालायची, ही तिच्या घरची रीत. मी चिडून समजावलं की इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गाने वाढतो, दहाचे अकरा केले की शंभराचे एकशेएकवीस होतात. "मंग वाढलंच ना?" ती म्हणाली. सुरीच्या टोकाने स्क्रू सैल करून मी तो वेढा काढला. लढाईत तांब्याची तार मिळत नव्हती, म्हणून उरलेली कापली नाही.

त्या संध्याकाळी स्टेशन स्वच्छ लागलं. गणित माझं बरोबर होतं, आणि मला आनंद झाला हे नाकारण्यात अर्थ नाही. थोड्या वेळाने एक माणूस थंडपणे नावं वाचू लागला. नाव, नंबर, गाव.

"आला?" मावशीने विचारलं.

"आज नाही."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. बरेच दिवस असं चाललं. मी मान हलवायचो, ती पदराने तोंड पुसायची. मग एके संध्याकाळी स्टेशन पुन्हा गेलं. मी कॉइल उजेडात धरली. लोंबती तार पुन्हा गुंडाळून नीट स्क्रूखाली आवळली होती.

"हे तू केलंस?"

ती सुपातून वर न बघता म्हणाली, "रोज नाय म्हनतोस तू. ऐकूच नाय आलं, तर तो नाय असं कोन म्हनंल?"

वेढा काढायला घेतलेली सुरी मी फडताळात ठेवून दिली. शाळा सुरू होईपर्यंत रोज संध्याकाळी हेडफोन लावून खरखर ऐकत बसलो. नावं एका वेढ्याच्या अंतरावर वाचली जात होती आणि तिथे कसं पोचायचं हे मला पक्कं माहीत होतं.

"लागलं का रे?" ती विचारायची.

"नाही लागत," मी सांगायचो, आणि ती जेवायला वाढायला उठायची.